पिकले ते अंगी लागले नाही

फुकट मिळणाऱ्या खताला नाही म्हणणारा शेतकरी मी फारसा पाहिलेला नाही. आणि खरे सांगायचे तर त्याला नाही म्हणायला लावणारा कृषी कर्मचारीही फारसा पाहिलेला नाही. मी स्वतः तसा नव्हतो. म्हणून आधी माझी गोष्ट सांगतो आणि मग तुम्हाला जरा लांब, जपानातल्या एका नदीच्या काठी घेऊन जातो. त्या नदीकाठी माती-पाण्याच्या एका अभ्यासकाने जे शोधून काढले, ते मला वेळेवर ठाऊक असते तर माझ्या हातून ती चूक झाली नसती.

१९९८ चा उन्हाळा. मला नोकरीत चार-पाच वर्षे झाली होती. माझ्याकडे भाताचा पट्टा होता. तांबडी माती, पाऊस भरपूर, आणि गावांना लागूनच कारखान्यांची वसाहत. त्यातल्या एका कारखान्याने आपल्या सांडपाण्याच्या टाकीतला गाळ वाळवून ट्रॉल्याच्या ट्रॉल्या खाचरांच्या बांधावर आणून टाकायला सुरुवात केली. भाडेही त्यांचेच. गाळ काळाभोर, भुसभुशीत, वासही फारसा नाही. गावात त्याला 'काळे खत' असेच नाव पडले. मी नमुना घेऊन प्रयोगशाळेत धाडला. नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, सगळे चांगले निघाले. तो कागद मी चावडीवर वाचून दाखवला आणि म्हणालो, "टाका."

एक मावशी तेवढ्या कुरकुरत होत्या. घरात एकट्या कर्त्या, चार खाचरांच्या धनीण.

"साहेब, एवढे चांगले असेल तर तो विकेल की. फुकट का देतो?"

"मावशी, त्याला जागा मोकळी करायची असते. त्याची अडगळ जाते, तुम्हाला खत मिळते."

"ते खरे हो. पण ती अडगळ आहे तरी कशाची?"

मी त्यांच्यापुढे कागद धरला. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि दोन ट्रॉल्या टाकून घेतल्या. माझ्या शब्दाखातर, असे मला आजही वाटते.

पुढे दोन वर्षांनी कृषी विद्यापीठात प्रशिक्षणाला गेलो होतो. मृदशास्त्राच्या प्राध्यापकांना मी मोठ्या अभिमानाने हा 'टाकाऊतून टिकाऊ' प्रयोग सांगितला. त्यांनी शांतपणे विचारले, "धातू पाहिले का? शिसे, कॅडमियम?"

मी म्हणालो, "अहवालात काही नव्हते."

"तपासायला सांगितले होते का?"

"नाही."

"मग अहवालात येतील कुठून?"

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला जिंझू नदीची हकिगत सांगितली. पुढे जमेल तसे मी त्याविषयी वाचत गेलो.

आई गं, आई गं

जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे तोयामा नावाचा जिल्हा आहे. डोंगरातून उतरणारी जिंझू नदी तिथल्या सपाटीवर येते. तिचे पाणी पाटांनी खाचराखाचरांत फिरते. आपल्या मावळासारखाच भाताचा मुलूख. नदीचेच पाणी पिकाला, आणि कित्येक घरांत पिण्यालाही तेच.

ह्या पट्ट्यातल्या बायकांना एक विचित्र दुखणे लागत असे. साधारण पस्तिशी-चाळिशी उलटलेल्या, चार-सहा बाळंतपणे झालेल्या, उन्हापावसात राबणाऱ्या शेतकरणी. आधी कंबर आणि मांड्या धरायच्या. मग चाल बदलायची. बदकासारखे दोन्हीकडे डुलत चालणे. पुढे हाडे इतकी ठिसूळ व्हायची की खोकला आला तरी बरगडी मोडावी. एका बाईच्या अंगात बहात्तर ठिकाणी हाड मोडलेले आढळले होते आणि तिची उंची वीतभर घटली होती. अंथरुणात कुशीवर वळवले तरी ती 'इताई, इताई' म्हणून ओरडायची. इताई म्हणजे आपले 'आई गं, दुखतंय'. १९५५ साली तिथल्या एका वर्तमानपत्राने ह्या दुखण्याचे नाव छापले तेच मुळी 'इताई-इताई'. आजही जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत तेच नाव आहे.

लोक काय म्हणायचे? मागल्या जन्मीचे पाप. घराण्याचा दोष. ज्या घरात अशी बाई, त्या घरची सोयरीक जुळेना. म्हणून घरचेच लोक आजारी बाईला आतल्या खोलीत ठेवत. हे सांगताना मला आपल्याकडची काही घरे आठवतात, पण तो विषय निराळा.

नोबोरू हागिनो नावाचे एक डॉक्टर १९४६ मध्ये लढाईवरून परत येऊन तिथे आपल्या वडिलोपार्जित दवाखान्यात बसले. त्यांच्याकडे अशा बायका येऊ लागल्या. सुरुवातीला त्यांचाही तर्क तुमच्या-माझ्यासारखाच होता. खाण्यात कस नाही, काम अतोनात, बाळंतपणे फार, ऊन कमी. जीवनसत्त्व 'ड'च्या गोळ्या देऊन पाहिल्या. थोडा उतार पडायचा, पण पुरते बरे कोणी होईना. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. नकाशा घेतला आणि जिथे जिथे रोगी होते तिथे तिथे खूण केली. सगळ्या खुणा जिंझूचे पाणी ज्या खाचरांना मिळत होते त्याच पट्ट्यात पडल्या. शेजारच्या दुसऱ्या नदीच्या पाण्यावरची गावे, तीच जात, तेच खाणे, तेच कष्ट; पण तिथे एकही रोगी नाही.

नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, कामिओका नावाची जस्ताची आणि शिशाची मोठी खाण होती. मित्सुई ह्या नामांकित कंपनीची. १९५७ मध्ये हागिनोंनी उघड म्हटले की दुखणे खाणीच्या पाण्यातून येते आहे. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. एक खेड्यातला डॉक्टर एवढ्या मोठ्या कंपनीवर बोट ठेवतो, आणि पुरावा काय तर नकाशावरचे ठिपके! पाण्यातले नेमके काय बाधते हे त्यांना सांगता येत नव्हते.

पाण्याला विचारणारा माणूस

इथे आपला माती-पाण्याचा अभ्यासक येतो. जुन कोबायाशी हे शेतीच्या रसायनशास्त्राचे माणूस. त्यांनी देशभरच्या नद्यांचे पाणी गोळा करून त्यात काय काय विरघळले आहे हे मोजण्यात आयुष्य घालवले. पुढे १९७१ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'पाण्याची आरोग्यतपासणी'. ह्या नावात त्यांचे सगळे काम आले.

कोबायाशी त्या मुलखात नवखे नव्हते. १९४३ मध्ये, सरकारी शेती संशोधन केंद्रात असताना, भाताचे नुकसान पाहायला त्यांना तिथे पाठवले होते. शेतकऱ्यांची तक्रार जुनी होती. पाटाचे पाणी ज्या तोंडाने खाचरात शिरते, त्या तोंडाशी भात खुरटे राहते. आत जावे तसे सुधारत जाते. दारे धरणाऱ्या कुणाही शेतकऱ्याला हे कळेल. पाण्यात जड, बारीक भुकटी असेल तर ती आधी तोंडाशीच बसणार. शेतकरी तोंडाशी खड्डे खणून गाळ बसवत आणि तो उपसून बाजूला टाकत. कोबायाशींनी त्या गाळात खाणीतले जस्त आणि शिसे आहे असा अहवाल दिला. पण दिवस महायुद्धाचे होते. सरकारला भातापेक्षा जस्त हवे होते. खाण चालूच राहिली.

सतरा वर्षांनी, १९६० च्या सुमारास, कोबायाशी ओकायामा विद्यापीठात असताना हागिनोंचे नमुने त्यांच्याकडे आले. नदीचे पाणी, आणि पुढे मृत रोग्यांची हाडे व इंद्रियेसुद्धा. कोबायाशींकडे जे यंत्र होते त्याची खुबी समजून घ्या. नमुना जाळून त्याचा उजेड पट्टीवर पाडायचा. प्रत्येक धातूची रेघ आपापल्या जागी उमटते. तुम्ही जस्त शोधत असलात तरी शेजारी दुसरा कोणी असेल तर तोही दिसतो. जस्ताच्या आणि शिशाच्या रेघांशेजारी एक रेघ ठळक उमटली. कॅडमियम.

हा धातू जस्ताचा सोबती. जस्ताच्या दगडात तो बेताने मिसळलेला असतोच. त्या काळी त्याला फारशी किंमत नव्हती, म्हणून तो काढून घेण्याची तसदी कोणी घेत नसे. दगड बारीक दळून त्यातले जस्त वेगळे करायचे आणि उरलेला चिखल सोडून द्यायचा. दळण जितके बारीक तितका तो पाण्याबरोबर लांब जायचा, आणि पावसाळ्यात सपाटीवरच्या खाचरांत येऊन बसायचा.

किनइची योशिओका हे शेतीशास्त्रज्ञ तेव्हा खाणीमुळे होणाऱ्या पिकाच्या नुकसानीचा अभ्यास करत होते. १९६१ मध्ये हागिनो आणि योशिओका ह्यांनी हाडवैद्यांच्या परिषदेत कॅडमियमचे नाव घेतले. कोबायाशींनी आणखी एक काम केले. उंदरांना कॅडमियम घातलेले खाद्य देऊन त्यांच्या पोटात किती चुना जातो आणि मलमूत्रातून किती बाहेर पडतो, ह्याचा जमाखर्च मांडला. खर्च जमेपेक्षा जास्त निघाला. खाद्यातला चुना पुरेना म्हणून शरीर हाडांतला काढून देत होते.

आता हे घडते कसे? कॅडमियम पोटात गेले की ते मूत्रपिंडात जाऊन बसते आणि तिथून दहा-वीस-तीस वर्षे हलत नाही. रोजच्या भातातून कणकण साठत जाते. मूत्रपिंड बिघडले की अंगाला लागणारा चुना आणि स्फुरद लघवीवाटे वाया जातो, जीवनसत्त्व 'ड'चेही काम नीट होत नाही, आणि हाडे मऊ पडतात. म्हणूनच नुसत्या गोळ्यांनी गुण येत नव्हता. आणि बायकांनाच का? कारण अंगात लोह कमी असले की आतडे लोहाच्या वाटेने कॅडमियमही जास्त ओढून घेते. बाळंतपणांनी अंगातले रक्त उणे झालेल्या, शेवटी उरलेला भात खाणाऱ्या बाईला ह्याचा फटका सर्वांत आधी. आमच्या भगिनींनो, रक्तवाढीच्या गोळ्या दवाखान्यातून आणून फळीवर ठेवता, त्या खात चला.

जाता जाता पुरुषमंडळींनाही एक शब्द. तंबाखूचे झाड मातीतले कॅडमियम पानांत साठवण्यात पटाईत आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात ते न ओढणाऱ्याच्या सुमारे दुप्पट आढळते.

भातच का नडला?

मला स्वतःला सर्वांत शिकवून गेला तो हा भाग. अमेरिकेच्या कृषी खात्यातले मृदशास्त्रज्ञ रूफस चेनी ह्यांनी ह्याचा उलगडा फार चांगला केला आहे. मातीत कॅडमियम येते तेव्हा त्याच्याबरोबर शंभरपटीहून अधिक जस्त येते. बहुतेक पिकांत ते जस्तच राखण करते. जस्त जास्त झाले की पीक पिवळे पडते, मरते, म्हणजे विषारी दाणा तयार होण्याआधीच शेतकऱ्याला कळते. शिवाय दाण्यात जस्त असले तर आतड्यात ते कॅडमियमला अडवते. भाताचे मात्र तसे नाही. जमिनीत जस्त वाढले तरी भाताच्या दाण्यात ते फारसे वाढत नाही, आणि कॅडमियम मात्र वाढते. त्यात आपण भात सडून पांढरा करतो, त्यामुळे दाण्यातले जस्त आणि लोह आणखी कमी होते.

त्याहून मोठी गंमत पाण्याची आहे. खाचरात पाणी उभे असते तेव्हा चिखलाला हवा मिळत नाही. त्या चिखलात गंधक कॅडमियमला धरून ठेवते. ते विरघळत नाही आणि मुळाला मिळत नाही. मग भात निसवते, दाणे भरू लागतात, आणि कापणीला वाफसा यावा म्हणून आपण बांध फोडून पाणी काढून देतो. चिखलात हवा शिरली की बांधलेले कॅडमियम सुटते, आणि नेमक्या दाणा भरण्याच्या वेळी मुळे ते उचलतात. म्हणून जपानात आता असल्या जमिनीत लोंबी बाहेर पडण्यापूर्वी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी उभे ठेवायला सांगतात. माती आंबट असेल तर हे सुटणे आणखी सोपे होते. चुना टाकून सामू वर आणला की कॅडमियम मातीला चिकटून राहते.

ह्यावरून कोणी लगेच 'मग पाणी सारखे उभे ठेवू' असे ठरवू नये. बंगालची गोष्ट उलट आहे. तिथे विष कारखान्यातून आले नाही, जमिनीच्या पोटातूनच आले. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात सोमल, म्हणजे आर्सेनिक, लोहाच्या गंजाला चिकटून बसलेले असते. खोलवर हवा नसली की तो गंज विरघळतो आणि सोमल भूजलात उतरते. तळ्यांच्या घाण पाण्याने हगवण होते म्हणून गावोगाव कूपनलिका बसवल्या, हगवण कमी झाली, आणि कूपनलिकांनी सोमल वर आणले. १९८३ मध्ये कोलकात्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेतले डॉ. के. सी. साहा ह्यांनी खेड्यांतून आलेल्या रोग्यांच्या कातडीवरचे डाग ओळखले, तेव्हा हे उघडकीला आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने लिटरभर पिण्याच्या पाण्यात दहा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सोमल नसावे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रंग नाही, चव नाही, वास नाही. आणि उन्हाळी भाताच्या खाचरात तेच पाणी उभे राहिले की सोमल दाण्यात जास्त जाते. म्हणजे उभे पाणी कॅडमियमला बांधते आणि सोमलाला सोडते. तुमच्या जमिनीत कोण आहे हे ठाऊक असल्याशिवाय पाणी ठेवावे की काढावे, हे मी काय किंवा आणखी कोणी काय, सांगू शकणार नाही.

तेहतीस वर्षांची मशागत

पुन्हा जिंझूच्या काठी येऊ. धातू सापडला म्हणून न्याय मिळाला असे झाले नाही. १९६६ मध्ये योशिहिसा कोमात्सु ह्यांच्या पुढारीपणाखाली गावकऱ्यांनी संघटना बांधली. मार्च १९६८ मध्ये रोगी आणि मृतांचे वारस मिळून अठ्ठावीस जण कोर्टात गेले. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने हा रोग प्रदूषणामुळे होतो हे मान्य केले. ३० जून १९७१ ला निकाल गावकऱ्यांच्या बाजूने लागला. कंपनीने अपील केले. ९ ऑगस्ट १९७२ ला तेही फेटाळले गेले आणि भरपाईची रक्कम दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी गावकरी तोक्योला कंपनीच्या कचेरीत जाऊन बसले, आणि तिथे त्यांनी जे लिहून घेतले ते मला पैशापेक्षा मोलाचे वाटते. रोग्यांची भरपाई तर झालीच. त्याखेरीज जमीन पूर्ववत करून देण्याची हमी घेतली. आणि वाटेल तेव्हा, आपल्या पसंतीचे शास्त्रज्ञ बरोबर घेऊन, कंपनीच्या खर्चाने खाणीत आणि कारखान्यात शिरून तपासणी करण्याचा हक्क घेतला. हा हक्क त्यांनी कपाटात ठेवला नाही. वर्षातून एकदा शेतकरी, त्यांचे वकील आणि शास्त्रज्ञ मिळून सगळ्या टाक्या, नळ, गाळाचे ढिगारे पाहून येतात, पाण्याचे नमुने घेतात. पन्नासांहून अधिक वर्षे ही रीत चालू आहे. नदीच्या पाण्यातले कॅडमियम आता निसर्गतः असते तितक्यावर आले आहे. खाण २००१ मध्ये बंद पडली. तिच्या पोटात आज ताऱ्यांकडून येणारे अतिसूक्ष्म कण पकडण्याची जगप्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. खाण बंद पडली तरी डोंगरात साठवलेल्या गाळावर मात्र नजर ठेवावीच लागते.

आणि जमीन? पाण्यातून धातू येणे थांबले म्हणून मातीतला गेला असे होत नाही. कीटकनाशक कालांतराने विघटन पावते. धातूचे विघटन कशात होणार? १९७० मध्ये जपानने शेतजमिनीच्या प्रदूषणाचा कायदा केला आणि किलोभर तांदळात एक मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम ही मर्यादा घातली. २०११ पासून ती ०.४ मिलिग्रॅमवर आणली. ह्या मर्यादेत बसेना तो तांदूळ खाण्यात येऊ दिला नाही. काही सरकारने विकत घेऊन खळ करायला दिला. आपण पिकवलेला तांदूळ डिंकासारखा वापरला जातो हे पाहणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटले असेल ते तुम्हाला सांगायला नको.

जिंझूच्या काठी दीड हजार हेक्टर जमीन दूषित ठरली. त्यातली ८६३ हेक्टर त्यांनी सुधारून पुन्हा भाताखाली आणली. बाकी घरे, रस्ते, कारखाने ह्यांत गेली. पद्धत अशी. वरची वीतभर माती खरडायची, तिथेच खोल चर काढून पुरायची, वर मुरमाचा थर दाबून तळ पक्का करायचा, म्हणजे भाताचे मूळ खाली जाणार नाही. मग डोंगरातली स्वच्छ माती आणून पसरायची. काम १९७९ मध्ये धरले आणि २०१२ मध्ये संपले. तेहतीस वर्षे, आणि खर्च चाळीस अब्ज येनांहून अधिक. डोंगरची नवी माती म्हणजे काही गाळाची कसदार माती नव्हे; तिच्यात सेंद्रिय खत घालघालून तिला पुन्हा भातजोगी करावी लागली. कंपनीबरोबरचा शेवटचा समझोता डिसेंबर २०१३ मध्ये झाला. ज्या बायकांच्या किंकाळ्यांनी हे सुरू झाले त्यांतल्या बहुतेक तोवर उरल्या नव्हत्या.

आपल्या बांधावर

तुम्ही म्हणाल, आमच्या वर काही खाण नाही. खरे आहे, आणि घाबरवायला मी हे लिहीत नाही. आपल्या काळ्या जमिनीचे एक बरे आहे. चिकणमाती भरपूर, चुनखडी, सामू चढा; कॅडमियम तिथे बऱ्याच अंशी बांधलेले राहते. काळजी तांबड्या, आंबट, भाताच्या जमिनीची जास्त. आणि शहराच्या नाल्यावर भाजी करणाऱ्यांची. पालकासारखी पालेभाजी धातू अधिक ओढते, वांगी-भेंडीच्या फळांत ते कमी जाते. शिसे मुळाने फारसे वर चढत नाही, पण धुळीतून पानांवर बसते. म्हणून रस्त्याकडेची आणि जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्याजवळची भाजी नुसती झटकून भागत नाही, धुवावीच लागते. गावात कोणी बॅटऱ्या फोडून शिसे वितळवत असेल तर त्याला आधी विहिरीपासून हलवा.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. चांगली सोय आहे. तिच्यात बारा गोष्टी तपासतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. पिकाला काय हवे ते पाहण्यासाठी ती आहे. शिसे, कॅडमियम, पारा, सोमल त्यात नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्दोष आहे, असा तिचा अर्थ काढू नका. मी एकदा तो काढला होता.

शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला सरकारने मर्यादा घातली आहे: किलोमागे कॅडमियम जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम, शिसे १०० मिलिग्रॅम. तेव्हा कंपोस्ट घेताना विक्रेत्याकडे धातूंचा तपासणी अहवाल मागा. तो कुरकुरला तर दुसरीकडे जा. आणि 'फुकट खत' म्हणून कोणी ट्रॉली आणली तर, तो कारखाना काय बनवतो एवढे तरी आधी विचारा. जिथे जस्ताचा मुलामा देतात, रंग बनवतात, बॅटऱ्या बनवतात, तिथला गाळ कितीही भुसभुशीत असला तरी बांधावर उतरवू देऊ नका.

आता मावशींचे सांगायचे राहिले. प्रशिक्षणावरून आलो तो सरळ त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "मावशी, माझे चुकले. ते खत आता घेऊ नका." त्या म्हणाल्या, "घेतच नाही. दोन ट्रॉल्यांनंतर तिसरी मी परत पाठवली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितले नव्हते." बाकीच्यांनी मात्र दोन वर्षे टाकले होते. प्राध्यापकांच्या मदतीने आम्ही गाळाचा, मातीचा आणि तांदळाचा नमुना तपासून घेतला. गाळात धातू निघाले. तांदळातले प्रमाण मर्यादेच्या आत होते, पण ज्यांनी सर्वांत जास्त ट्रॉल्या टाकल्या त्यांच्या खाचरात ते इतरांपेक्षा स्पष्ट जास्त होते. गाळ थांबवला, चुना टाकला, शेणखत वाढवले. त्या मातीत जे गेले ते अजून तिथेच आहे, आणि दोन-तीन वर्षांनी एकदा तिथला तांदूळ तपासायला न्यायचे काम मी बदली झाल्यावरही सोडलेले नाही.

तुम्हाला शंका असेल तर कृषी विद्यापीठाच्या मृदशास्त्र विभागात किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत विचारा. अर्जावर 'जड धातू' असे लिहून कोणते हवेत त्यांची नावे घाला, नाहीतर नेहमीचाच कागद हातात येईल. माती काढायला जस्ताचे घमेले किंवा रंग लावलेले फावडे वापरू नका. लाकडी पट्टी आणि प्लास्टिकची बादली बरी. वरची वीतभर माती घ्या. मातीबरोबर त्याच खाचरातले मूठभर भातही स्वतंत्र पिशवीत द्या, कारण माती सांगत नाही ते कधी कधी दाणा सांगतो. विहिरीचे पाणी निराळे. आणि एका खाचराचे तीन नमुने करा. पाटाचे पाणी शिरते त्या तोंडाशी एक, मधला एक, आणि पाणी बाहेर पडते तिथला एक. पिशव्यांवर तसे लिहा.